मौन कुणाच्या मालकीचं? गायतोंडे, रोलर आणि आमची पोरं



गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिद्धेश्वरच्या आमच्या विहारात जयंतीची बैठक बसली होती. मिरवणुकीचा मार्ग, डीजे लावायचा की लेझीम, भोजनदानाचा तांदूळ, कुणाची वर्गणी राहिली, असे नेहमीचे विषय चालू होते. तेवढ्यात वस्तीतला एक पोरगा सहा बाय चारचं प्लायवूड डोक्यावर घेऊन आला आणि भिंतीला टेकवून बाजूला उभा राहिला. त्याचे वडील घरं रंगवायची कामं घेतात. हा दहावीपासून त्यांच्यासोबत लांबी भरायला आणि घासाई करायला जातो. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा चांगल्या ग्रेडने पास झालेला. पुढे कला महाविद्यालयाचा खर्च झेपला नाही.

त्या प्लायवूडवर निळा होता. एक निळा नव्हे, सात-आठ निळे, एकावर एक चढवलेले आणि मध्येच पत्तीने खरवडून काढलेले. खरवडलेल्या जागी खालून हळदीचा पिवळा वर आला होता. आमच्या धरणाच्या पाण्यावर संध्याकाळी कधी कधी असा रंग येतो. पण ते धरणाचं चित्र नव्हतं. कशाचंच नव्हतं.

मंडळाचे एक ज्येष्ठ म्हणाले, "यात बाबासाहेब कुठं आहेत रे?"

पोरगा म्हणाला, "नाहीत."

"मग जयंतीला कशाला आणलंस?"

सगळे हसले. आता खरं सांगायचं तर हसण्याने त्याचं फार नुकसान झालं नसतं. नुकसान आम्ही केलं. समाजशास्त्रात एम. ए. केलेले आम्ही, दर रविवारी अभ्यासिकेत पोरांना संस्कृती आणि वर्चस्व समजावून सांगणारे आम्ही, त्याला समजुतीच्या सुरात म्हणालो, "तुझा हात चांगला आहे, पण समाजाला कळेल असं काहीतरी काढ." त्याने प्लायवूड उचललं आणि गेला. आठ दिवसांनी हिंगोलीहून फ्लेक्स आला. त्यावर बाबासाहेब होते, आणि त्यांच्यापेक्षा थोडेसेच लहान असे आमच्या मंडळाचे सतरा पदाधिकारी होते.

प्रायश्चित्त म्हणून आम्ही त्याच्या तीन चित्रांचे फोटो एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी पाठवले. वंचित समूहातल्या चित्रकारांचं प्रदर्शन होतं. निवड करणारी मंडळी पुरोगामी, शिकलेली, सहानुभूतीने ओथंबलेली. त्यांचा फोन आला. रंगाची समज चांगली आहे म्हणाले. पण यात त्याचा अनुभव कुठे आहे? त्याचं दलितपण कुठे आहे? त्याच्या आजोबांचं, गावकुसाबाहेरच्या जगण्याचं, अपमानाचं काही चित्र असेल तर पाठवा.

आमचे ज्येष्ठ म्हणतात बाबासाहेब कुठं आहेत, ते म्हणतात दलितपण कुठे आहे. दोघांचा 'कुठे' एकच आहे. आमच्या पोराने रंग हातात घेतला की त्याने काहीतरी दाखवलंच पाहिजे, एक तर नेता नाहीतर जखम. नुसता रंग लावायची परवानगी त्याला कुणीच देत नाही. हा लेख त्या परवानगीबद्दल आहे.

ज्याला ही परवानगी मिळाली होती, त्याची गोष्ट आधी पाहू.

वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. आईवडील मूळ गोव्याचे. मुलगा वाढला मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली पदविका घेतली. सुरुवातीला लघुचित्रांच्या वळणाची माणसं, बायका, घरं काढली. नंतर पॉल क्लेची चित्रं पाहिली आणि हळूहळू चित्रातून माणसं गेली, घरं गेली, रेषासुद्धा गेली. उरला रंग, प्रकाश आणि पृष्ठभाग. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला जागा मिळाली. १९६३ साली मॉरिस ग्रेव्हज नावाचा अमेरिकन चित्रकार भारतात आला, त्याने यांचं काम पाहिलं आणि तिकडच्या लोकांना पत्र लिहून कळवलं. १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती घेऊन गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री. पुढे मुंबई सोडली आणि दिल्लीला निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या खोलीत एकटे राहिले. १९८४ च्या अपघातात मान आणि पाठ दुखावली, मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, तेव्हा कागदावर शाईने छोटी चित्रं केली. १० ऑगस्ट २००१ रोजी गेले, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

त्यांच्या कामाला 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. आपण अमूर्त करत नाही, आपल्या चित्रात वस्तूच नसते, असं त्यांचं म्हणणं. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसून टाकलं असा अर्थ होतो. त्यांना सुरुवातच मौनापासून करायची होती. कॅनव्हासकडे दिवसेंदिवस बघत बसायचं, आतमध्ये काही जुळून येईपर्यंत हात लावायचा नाही. वर्षाला पाच-सहा चित्रं, त्याहून जास्त नाही. चित्रांना नावं नाहीत, अर्थ सांगायचा नाही, मुलाखती कमीत कमी.

आणि हत्यार कोणतं? रोलर. रंग रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, वर्तमानपत्राचे आणि मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, पुन्हा पातळ थर चढवायचा.

हे वाचलं तेव्हा आम्ही त्या पोराला अभ्यासिकेत बोलावून मोबाइलवर गायतोंडेंची चित्रं दाखवली. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "दादा, यांनी आधी प्रायमर नीट सुकू दिलाय." आम्ही एम. ए. केलं, पण आम्हाला हे दिसलं नसतं. रंगाचा पहिला थर किती पाणी पितो, दुसरा थर कधी चढवावा, ओल्या रंगात पत्ती घातली तर काय होतं आणि अर्धवट सुकलेल्यात घातली तर काय होतं, हे ज्ञान आपल्या समाजातल्या हजारो रंगाऱ्यांच्या मनगटात आहे. मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, तिथून ते चित्रकार झाले. म्हणजे भिंतीपासून कॅनव्हासपर्यंतचा रस्ता अस्तित्वात आहे. प्रश्न एवढाच आहे की त्या रस्त्यावरच्या फाटकाची किल्ली कुणाकडे आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात गायतोंडेंचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. मार्च २०२१ मध्ये दुसरं एक ३९ कोटी ९८ लाखांना. पुढेही आकडा चढतच गेला. स्वतः गायतोंडेंच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, हेही नोंदवून ठेवू. आम्हाला या माणसाशी भांडण नाही. तो पैशाच्या मागे लागला नाही, दरबारात गेला नाही, एका खोलीत बसून आपलं काम करत राहिला. चाळीतून आला, घरून पाठबळ नव्हतं. पण त्याच्या गोष्टीत जी दारं एकामागून एक उघडत गेली ती मोजा. जे. जे.चं दार, कलावंतांच्या गटाचं दार, कामाच्या जागेचं दार, परदेशी पाहुण्याच्या पत्राचं दार, शिष्यवृत्तीचं दार. 'एकांतात रमलेला ऋषी' असं त्यांचं वर्णन मराठीत इतक्या वेळा झालंय की कंटाळा येतो. अहो, एकांताला खोली लागते! आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात. तिथला पोरगा एकांतप्रिय झाला तर त्याला ऋषी म्हणत नाहीत, डॉक्टरकडे नेतात.

आता मौनाविषयी बोलू, कारण गायतोंडेंच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा तो गाभा आहे आणि आमच्या मते खरा झगडा तिथेच आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. मुक्यांचा नायक. या देशात कोट्यवधी माणसं मुकी होती आणि ते मौन त्यांनी साधनेने मिळवलेलं नव्हतं. ते त्यांच्यावर लादलेलं होतं. त्यानंतर शंभर वर्षं आपली सगळी चळवळ ते मौन फोडण्याची आहे. जलसे, भीमगीतं, आत्मकथनं, पँथरची भाषणं, नामांतराच्या घोषणा, सगळं त्यासाठीच. म्हणून आपल्याला शांत चित्र पाहिलं की संशय येतो. बोलायला मिळालंय तर हा गप्प का? आमच्या ज्येष्ठांनी विचारलेला प्रश्न या इतिहासातून आला होता, अडाणीपणातून आला नव्हता. त्यांनी १९७८ पाहिलंय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्यापाठी गावोगाव वस्त्या जळाल्या. आपला हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. एका नावासाठी सोळा वर्षं ज्यांनी वाट पाहिली, त्यांना निनावी चित्र कसं पटावं?

पण इथे आमचं आमच्याच माणसांशी भांडण आहे. लादलेलं मौन आणि निवडलेलं मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं मोडण्यासाठी आपण लढलो, त्याचा अर्थ दुसरं कायमचं त्यांच्या नावावर लिहून दिलं असा होत नाही. बोलण्याच्या हक्कात गप्प बसण्याचा हक्क येतो. तो नसेल तर आपलं बोलणंसुद्धा वेठबिगारीच आहे, फक्त आता ती वेठ दुःख सांगण्याची आहे. सभागृहात बोलावतात, आपण आपली जखम उघडी करून दाखवतो, ते डोळे पुसतात, टाळ्या वाजवतात आणि आपापल्या घरी जातात. त्यांच्या घरच्या भिंतीवर मात्र शांत, निनावी चित्र असतं.

गंमत अशी की हे मौन गायतोंडेंना मिळालं कुठून? झेनमधून. डी. टी. सुझुकींची पुस्तकं वाचून. आता 'झेन' हा शब्द बघा. पालीतला 'झान', संस्कृतातलं 'ध्यान', चीनमध्ये गेल्यावर 'चान', जपानमध्ये 'झेन'. तथागताचा शब्द अर्धी दुनिया फिरून, इंग्रजी पुस्तकात बसून मुंबईच्या कलावर्तुळात पोचला आणि तिथे त्याला 'सूक्ष्म', 'आध्यात्मिक', 'वैश्विक' अशी विशेषणं लागली. आणि त्याच दशकात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, गायतोंडेंच्या जन्मगावी नागपुरात लाखो माणसांनी त्याच बुद्धाला शरण जायचं ठरवलं. त्याला कोणती विशेषणं लागली? 'राजकीय धर्मांतर'. 'गर्दी'. एकच बुद्ध. एका दाराने गेला तर तत्त्वज्ञान, दुसऱ्या दाराने आला तर जातीचा दाखला. मराठी कलासमीक्षेने गायतोंडेंच्या झेनवर पानंच्या पानं लिहिली. ती आम्ही जमेल तेवढी चाळली. ज्या राज्यात दीक्षाभूमी आहे, त्या राज्यातला सर्वात नावाजलेला आधुनिक चित्रकार बौद्ध विचाराने घडला, आणि तरी या दोन गोष्टी एका वाक्यात आलेल्या आम्हाला कुठे दिसल्या नाहीत.

आपलीही चूक आहेच. आपण बुद्धाच्या मूर्ती बसवल्या, वंदना शिकवली, ते गरजेचं होतं. पण वेरूळ-अजिंठा आपल्या मराठवाड्यातच, आणि तिथला रंग आपल्या किती विहारांत पोचला? अजिंठ्यात जातककथांच्या वर, छतावर काय आहे ते कधी मान वर करून पाहिलंय? चौकोनाचौकोनांत कमळं, वेली, गोल, नक्षी. त्या भिक्खूंच्या छतावर सगळंच काही कथा सांगत नाही. ज्या चित्रकाराने ते रंगवलं त्याला कुणी विचारलं असेल का, की यात भगवान कुठं आहेत?

आणि आपल्याला ते पाहू तरी कधी दिलं? १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेलं, म्हणून दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले. लगेच हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. तो प्रसंग आपण पाण्याच्या हक्काचा म्हणून सांगतो. आम्ही म्हणतो, तो पाहण्याच्या हक्काचाही आहे. लेणी आणि किल्ले बघायला निघालेली, हौसेने, कुतूहलाने निघालेली माणसं होती ती. सौंदर्य बघतानासुद्धा पाठीवर शिपाई. आजच्या कलादालनात शिपायाचा गणवेश बदलला आहे. आपला कार्यकर्ता आत शिरला की सुरक्षारक्षक त्याच्या चपलेकडे बघतो, हे आम्ही अनुभवलंय.

आमच्या तालुक्याचीच एक जुनी गोष्ट आहे. नरसीचे नामदेव औंढ्याच्या देवळापुढे कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हुसकावलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरलं. चमत्कार आम्ही मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. पण लोकांनी ही गोष्ट शेकडो वर्षं का जपली ते कळतं. समोरची जागा अडवली तरी तोंड फिरवायला कुणाला तरी भाग पाडता येतं, एवढा तिचा अर्थ आम्ही घेतो.

आता खरा आक्षेप. आमच्याच एका सहकाऱ्याने तो तोंडावर घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झालं, धरपकड झाली आणि कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत असताना मेला. "ही वेळ निळे-पिवळे थर बघत बसायची आहे का?"

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारा माणूस खोटारडा असतो. आम्ही त्या रात्री उत्तर दिलं नाही. नंतर सुचलं ते इथे मांडतो, पटलं तर घ्या. सोमनाथसाठी मोर्चा निघाला पाहिजे, खटला चालला पाहिजे, दोषींना शिक्षा झाली पाहिजे. हे काम आमचं आहे, तुमचं आहे. चित्र हे काम करू शकत नाही, आणि सोमनाथचं चित्र काढूनही ते होणार नाही. चित्राकडून मोर्चाचं काम मागितलं की दोन नुकसानं होतात. चित्र वाईट होतं आणि मोर्चा निघाल्याचं खोटं समाधान मिळतं. बाबासाहेबांइतका कामाचा डोंगर या देशात कुणाच्या डोक्यावर होता? तरी त्या माणसाने व्हायोलिन शिकलं, चित्रकला शिकायला घेतली, पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. वेळ आहे का, असं त्यांनी स्वतःला विचारलं असतं तर ती यादी कोरीच राहिली असती.

शिवाय हा वाद आपल्याकडेच आहे असं समजू नका. ज्यांच्याकडून पँथर हे नाव आपण घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांत तो याच काळात पेटला होता. नॉर्मन लुईस, अल्मा थॉमस, सॅम गिलियम, जॅक व्हिटन हे काळे चित्रकार अमूर्त काम करत होते. गोरी संग्रहालयं त्यांना म्हणायची, तुम्ही काळे वाटत नाही. चळवळीतले काही लोक म्हणायचे, तुमची चित्रं लढ्याच्या कामाची नाहीत. आमच्या पोराला आलेले दोन फोन समजा! लुईस स्वतः नागरी हक्कांच्या लढ्यात होते. १९६३ मध्ये त्यांनी साथीदारांसोबत 'स्पायरल' हा काळ्या कलावंतांचा गट काढला. त्यांनी क्लू क्लक्स क्लॅनच्या पांढऱ्या टोप्यांचा आकार काळ्या कॅनव्हासवर असा आणला की चटकन ओळखू येत नाही आणि ओळखला की अंगावर काटा येतो. अल्मा थॉमस यांनी अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. १९७२ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन झालेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री ठरल्या. तेच आपल्याकडे दलित पँथर स्थापन झालं ते वर्ष. त्यांच्या चित्रात रंगांचे तुकडे आहेत, फुलबागेचे, अवकाशाचे. जॅक व्हिटन अलाबामाचे, वंशभेदाच्या सगळ्यात कडक मुलखातले. सत्तरच्या दशकात त्यांनी बारा फूट रुंद ओढणी बनवली आणि जमिनीवर पसरलेल्या रंगावरून एका झटक्यात ओढली. पुन्हा तेच, मजुराचं हत्यार.

त्याच अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बायकांनी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या आणि २००२ साली त्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांशी केली. आता आपल्या घरातली वाकळ आठवा. आजीने फाटक्या लुगड्याच्या आणि धोतराच्या तुकड्यांची शिवलेली, टाका टाका मोजून. तिच्यात कुठे माणूस आहे, कुठे देव आहे? जांभळ्याशेजारी हिरवा का ठेवला हे आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "बरा दिसतो म्हणून." समाजाला कळत नाही असं आम्ही त्या पोराला म्हणालो, तेव्हा समाज रात्रभर अमूर्त चित्र पांघरून झोपत होता.

आपल्या इतिहासातही एक माणूस आहे. कृष्णाजी हौळाजी आरा. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक. त्याच गटात गायतोंडे पुढे १९५० मध्ये आले. आरा लहानपणापासून घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या. कलेच्या अभ्यासकांनी त्यांचा उल्लेख दलित म्हणून केला आहे. आणि हा माणूस मुख्यतः काय रंगवायचा? फुलदाणीतली फुलं. मालकाच्या घरातली फुलदाणी पुसणाऱ्या हाताने फुलदाणी रंगवली, तर त्याहून मोठं बंड कोणतं हवं आहे? पण आपल्या व्याख्यानमालांत आरांचं नाव ऐकलंय का कधी? आम्ही तरी ऐकलं नाही. फुलं काढली म्हणून ते आपल्या यादीत नाहीत, आणि दुसऱ्यांच्या यादीत फुलं आहेत पण गाड्या धुणारे हात नाहीत.

सावी सावरकरांसारख्यांनी देवदासी, गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य असं रंगवलं, ते डोक्यावर घेण्याजोगंच काम आहे. ते कुणी थांबवावं असं आम्ही म्हणत नाही. सावरकरांनी ते निवडलं. आमच्या पोरालाही निवडू द्या, एवढंच.

गायतोंडेंपुढे मात्र आम्ही लोटांगण घालणार नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार प्रश्न उभे केलेत, त्यातला शेवटचा भिक्खूविषयी आहे. भिक्खू परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी आहे की समाजसेवक होऊन लोकांचा मित्र, मार्गदर्शक व्हावा म्हणून? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी आहे, लोकांच्या उपयोगाचा नाही, असं बाबासाहेबांचं म्हणणं. हा प्रश्न गायतोंडेंना लावला तर ते अडचणीत येतात. त्यांनी कुणाला घडवलं असं फारसं दिसत नाही, नातेसंबंध तोडत गेले, दार लावून घेत गेले. त्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की मन निवतं हे खरं, पण ते चित्र आज ज्याच्या तिजोरीत आहे त्याचं निवतं. हा हिशेब त्यांच्या मौनाने चुकता होत नाही. आमचा पोरगा रंगारी आहे, त्याने दरवाजा लावून घ्यायची गरज नाही. त्याच्याकडे भिंती आहेत. सार्वजनिक भिंती, विहाराच्या, अभ्यासिकेच्या, समाजमंदिराच्या, जिथे तिकीट नाही आणि चपलेकडे बघणारा नाही. गायतोंडेंचा धीर घ्यावा, थर घ्यावेत, न समजावून सांगण्याचा ताठा घ्यावा. कडी घेऊ नये.

आमच्याकडे, वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते. कढया पेटलेल्या असतात, बायाबापड्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले असतात, वाळत घातलेल्या ढिगांवर ऊन पडलं की डोळ्यांना सोसत नाही. मजुरी काय मिळते, भाव कोण ठरवतो, यावर आम्ही पत्रकं काढली आहेत, पुढेही काढू. पण तो पिवळा रंग बघायचा हक्क फक्त व्यापाऱ्याला आहे का? जिचे हात रंगले तिच्या पोराने त्यातून मजुरीचं चित्रच काढलं पाहिजे, असा नियम कुणी केला?

मागच्या महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो. ते प्लायवूड कुठे आहे विचारलं. शेळ्यांच्या गोठ्याचा एक पत्रा वाऱ्याने उडाला होता, तिथे ठोकलं होतं. रंगाची बाजू आत. वर्षभर शेळ्यांनीच ते पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून खिळे काढले आणि उन्हात धरलं. खालचा डावा कोपरा शेळीने कुरतडला होता आणि एका बाजूने पाणी झिरपून निळा फुगला होता. आम्ही म्हणालो, तेवढं दुरुस्त कर, यंदा अभ्यासिकेच्या दर्शनी भिंतीवर लावू. तो कोपऱ्यावरून बोट फिरवत होता. म्हणाला, राहू द्या, असंच बरं आहे.

बैठकीत विषय ठेवला आहे. खजिनदार प्रायमरचे पैसे द्यायला तयार आहेत, रंगाचे नाहीत. भांडण चालू आहे.